"आहे का?" पेक्षा "किती आहे?" – गोंदियाच्या मुलांनी निसर्गातला किरणोत्सर्ग का मोजावा



'रेडिएशन' हा शब्द आता आपल्या मुलांना नवा राहिलेला नाही. मोबाईलचं रेडिएशन, टॉवरचं रेडिएशन, एक्स-रेचं रेडिएशन – चौथी-पाचवीतलं पोरगंही हा शब्द सहज वापरतं. पण नववीच्या विज्ञानात किरणोत्सारी पदार्थांचा भाग आला की वर्गाला एक साधा प्रश्न विचारून पाहा : "आत्ता, या खोलीत किरणोत्सर्ग आहे का?" बहुतेक मुलं 'नाही' म्हणतील. एखाददुसरा खिडकीतून दिसणाऱ्या टॉवरकडे बोट दाखवेल.

बरोबर उत्तर 'आहे' असं आहे. तो फरशीखालच्या जमिनीतून येतो, भिंतीच्या विटांतून येतो, वरून आकाशातून येतो, श्वासाच्या हवेतून येतो आणि बाकावर बसलेल्या मुलाच्या स्वतःच्या शरीरातूनही येतो. पृथ्वी झाली तेव्हापासून तो आहे. त्याला आपण नैसर्गिक पार्श्वभूमी किरणोत्सर्ग म्हणतो.

माझं म्हणणं असं आहे की हा विषय आपण शाळेत व्याख्या पाठ करून घेण्यासाठी शिकवतो आणि घरी मुलांना भीती घालण्यासाठी वापरतो. दोन्हीकडे एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे मोजणं. मुलाने "रेडिएशन आहे का?" असं विचारणं थांबवून "किती आहे? कशाच्या तुलनेत? किती वेळा मोजलं?" असं विचारायला लागावं, हाच या धड्याचा हेतू असायला हवा. आणि हा धडा शिकवायला आपला गोंदिया जिल्हा फार सोयीची जागा आहे. कशी, ते पुढे सांगतो.

आधी हिशोब पाहू

संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीच्या अंदाजानुसार जगातल्या सरासरी माणसाला निसर्गाकडून वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट एवढा डोस मिळतो. त्याचे ढोबळ वाटे असे :

– श्वासावाटे, मुख्यतः रेडॉन वायू व त्यापासून बनणारी मूलद्रव्ये : सुमारे १.२६
– जमीन, खडक आणि घराच्या भिंती : सुमारे ०.४८
– अवकाशातून येणारे कॉस्मिक किरण : सुमारे ०.३९
– अन्न आणि पाण्यातून : सुमारे ०.२९

हे चार आकडे फळ्यावर लिहा आणि मुलांना बेरीज करू द्या. मग विचारा, सगळ्यात मोठा वाटा कोणाचा? रेडॉनचा, म्हणजे ज्याचं नावही बहुतेक घरांत कोणी ऐकलेलं नसतं त्याचा. खडकातल्या युरेनियमचं रूपांतर होत होत रेडियम बनतं, रेडियमपासून रेडॉन. रेडॉन वायू असल्यामुळे जमिनीच्या भेगांतून वर येतो. उघड्यावर तो पांगून जातो, कोंदट खोलीत साठून राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी घनमीटरमागे १०० बेक्वेरेल ही संदर्भ-पातळी सुचवली आहे. ते जमत नसेल तिथेही ३०० च्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. उपाय काय, तर खिडक्या उघड्या ठेवणं आणि जमिनीच्या भेगा बुजवणं. टॉवरकडे बोट दाखवणाऱ्या मुलाला आपल्याच घराच्या बंद खिडकीचा विचार करायला लावता आला, तरी तास सार्थकी लागला म्हणा.

अन्नातला वाटा कशाचा? मुख्यतः पोटॅशियमचा. निसर्गातल्या पोटॅशियमच्या दर १० हजार अणूंमागे साधारण एक अणू पोटॅशियम-४० चा असतो आणि तो किरणोत्सारी असतो. भात, डाळ, भाजी, केळी, दूध सगळ्यात पोटॅशियम आहे आणि ते शरीराला हवंच असतं. ३० किलो वजनाच्या मुलाच्या अंगात दर सेकंदाला असे साधारण दोनेक हजार अणू क्षय पावत असतात. म्हणजे "माझ्यात रेडिएशन नाही" असं छातीठोकपणे कोणालाच सांगता येणार नाही!

आपला जिल्हा वेगळा कसा?

भूगोलाच्या पुस्तकातला महाराष्ट्र म्हणजे दख्खनचं पठार, काळा बेसाल्ट आणि काळी कापसाची जमीन. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्हारसाचे थरावर थर साचून हा बेसाल्ट तयार झाला. आपली मुलं हे पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. पण शाळेमागच्या टेकडीवरचा दगड उचलला तर तो काळा बेसाल्ट नसतो. तो फिकट, गुलाबी किंवा राखाडी, चमकत्या कणांचा असतो.

कारण नागपूरच्या आसपास तो बेसाल्ट संपतो आणि पूर्वेला फार जुने खडक उघडे पडतात. आपल्या जिल्ह्यातल्या आमगावच्या नावाने भूशास्त्रात एक खडकसमूहच ओळखला जातो, 'आमगाव नाईस'. सालेकसा, दर्रेकसा ते छत्तीसगडमधल्या डोंगरगडपर्यंतच्या पट्ट्यात ग्रॅनाइट आणि रायोलाइट आहेत. हे खडक दोनशे कोटी वर्षांहून जुने आहेत. १ मे १९९९ ला भंडाऱ्यापासून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला, एवढं मुलांना पाठ असतं; त्या जिल्ह्याच्या पायाखालचं वय मात्र माहीत नसतं.

आता किरणोत्सर्गाशी संबंध. ग्रॅनाइटच्या जातीच्या खडकांत पोटॅशियम, युरेनियम आणि थोरियम तिन्ही बेसाल्टपेक्षा जास्त असतात. ढोबळमानाने ग्रॅनाइटमध्ये दर दहा लाख भागांत युरेनियमचे तीन-चार आणि थोरियमचे पंधरा-वीस भाग सापडतात. बेसाल्टमध्ये युरेनियम एक भाग किंवा त्याहून कमी आणि थोरियम तीन-चार भाग. त्यामुळे दगडावर ठेवलेला काउंटर गोंदियात पुण्यापेक्षा थोडा जास्त टकटक करेल, अशी अपेक्षा ठेवायला शास्त्रीय कारण आहे. शेजारच्या राजनांदगाव भागात बोदल इथे युरेनियमचा साठा सापडला, तो याच जुन्या खडकांच्या प्रदेशात. अणुखनिजांचा शोध घेणाऱ्या केंद्र सरकारच्या संचालनालयाचं मध्य विभागाचं कार्यालय नागपुरात आहे. विमानातून आणि पायी फिरून गॅमा किरण मोजत खनिजं शोधणं हे त्यांचं रोजचं काम. आपल्या एखाद्या मुलीने हे काम पुढे करावं असं आपल्याला वाटतं ना? मग तिने ते काम असतं एवढं तरी शाळेत ऐकलेलं असावं.

'जास्त' हा शब्द ऐकून लगेच दचकू नका. किती जास्त, हा प्रश्न पुन्हा विचारा. केरळच्या किनाऱ्यावर चवरा-नींडकरा भागात मोनाझाइटच्या वाळूमुळे पार्श्वभूमी किरणोत्सर्ग जगाच्या सरासरीच्या कित्येक पट आहे. तिथे करुनागपल्ली तालुक्यातल्या ६९,९५८ लोकांचा सरासरी साडेदहा वर्षं पाठपुरावा करून २००९ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. जमिनीतल्या गॅमा किरणांमुळे कर्करोगाचं प्रमाण वाढल्याचं त्यात आढळलं नाही. याचा अर्थ किरणोत्सर्ग कितीही चालतो असा नाही. पण ग्रॅनाइटच्या टेकडीजवळ राहतो म्हणून झोप उडवून घेण्याचं कारण नाही, एवढं नक्की म्हणता येतं.

यंत्र नाही? मग तांदूळ घ्या

"सर, आमच्या शाळेत काउंटर कुठून येणार?" हा प्रश्न येणारच. पण किरणोत्सर्ग मोजण्यातली सगळ्यात अवघड गोष्ट यंत्राशिवायच शिकवता येते. ती म्हणजे आकड्यांचं वर-खाली होणं.

अणू कधी क्षय पावेल हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून काउंटर एका मिनिटाला १८ दाखवतो, दुसऱ्या मिनिटाला २५, तिसऱ्याला १६. ज्याला हे माहीत नाही तो २५ पाहून ओरडतो, "वाढलं, वाढलं!" प्रत्यक्षात काहीच वाढलेलं नसतं.

हे समजावायला वर्गाच्या फरशीवर खडूने १० बाय १० असे शंभर चौकोन आखा. तांदळाचे ३०० दाणे मोजून घ्या (आपल्या जिल्ह्यात तांदळाला तोटा नाही) आणि वरून असे विखरा की सगळीकडे सारखेच पडावेत. सरासरी प्रत्येक चौकोनात ३ दाणे. आता मुलांना चौकोन वाटून मोजायला सांगा. प्रत्येकात तीनच असतील का? नाही. साधारण पाचेक चौकोन रिकामे राहतील आणि दोन-तीन चौकोनांत सात किंवा जास्त दाणे सापडतील. कोणी मुद्दाम टाकले? नाही. हे असंच होतं.

मग नियम सांगा : मोजलेल्या संख्येचं वर्गमूळ काढा, तेवढं वर-खाली होणं साहजिक आहे. २० टकटक मोजले तर साधारण ४ ते ५ ने इकडे-तिकडे. १० मिनिटांत २०० मोजले तर १४ ने. तासाभरात १२०० मोजले तर ३५ ने. जितकं जास्त मोजाल तितका आकडा पक्का.

आठवी-नववीच्या मुलांना पुढचा हिशोबही जमतो. समजा शाळेत मिनिटाला सरासरी २० आणि टेकडीवर २३ येतात. १० मिनिटं मोजलं तर २०० आणि २३० – फरक ३०, पण त्या फरकातली अनिश्चितताच २० च्या आसपास. काहीच ठामपणे म्हणता येत नाही. तेच एक तास मोजलं तर १२०० आणि १३८० – फरक १८० आणि अनिश्चितता ५० च्या आसपास. आता मात्र टेकडीवर जास्त आहे असं म्हणायला जागा आहे. वर्गमूळ कशाला शिकायचं असं विचारणाऱ्या मुलाला यापेक्षा चांगलं उत्तर मला तरी माहीत नाही.

काउंटर मिळाला तर पाच ठिकाणं

गायगर काउंटर हे जुनं आणि साधं उपकरण आहे. गायगर आणि म्युलर यांनी १९२८ मध्ये त्याची आजची नळी तयार केली. पदवीच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळांत ते असतं. जवळच्या विज्ञान महाविद्यालयात एकदा विचारून पाहा. अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांना छोटा काउंटर जुळवून घेणं अशक्य नाही. चार-पाच शाळांनी मिळून एक घेतला आणि केंद्रप्रमुखांच्या मदतीने फिरवला तरी चालेल. तो हाती आला की ही पाच ठिकाणं करा.

१. वर्ग. जमिनीपासून एक मीटर उंचीवर काउंटर ठेवून एक तास मोजा. हा आपला पाया. पुढचं सगळं याच्याशी ताडून बघायचं.

२. पोटॅशचं पोतं. धानाला घालायचं म्युरेट ऑफ पोटॅश शेतकऱ्याच्या घरी असतंच. ५० किलोच्या पोत्यात साधारण २५ किलो पोटॅशियम असतं आणि त्यातले साडेसात लाखांहून जास्त अणू दर सेकंदाला क्षय पावतात. काउंटर पोत्याला टेकवा, टकटक वाढलेली ऐकू येते. "बापरे, खतात रेडिएशन!" असं मूल म्हणेल. त्याला म्हणा, "तुझ्या जेवणातही हेच पोटॅशियम आहे, तुझ्या अंगातही आहे." भीतीचा आकडा आणि हिशोबाचा आकडा यातला फरक इथे कळतो.

३. खडक. आधी उघड्या खडकावर, मग बांधीतल्या चिखलमातीवर. सालेकसा-देवरी भागातल्या शाळांना हे अगदी सोपं. दोन्हीत फरक पडतो का ते मुलांनीच ठरवावं. उत्तर आपण आधी सांगून टाकू नये.

४. पाण्याच्या मधोमध. नवेगावबांधसारख्या तलावावर होडीतून काठापासून बरंच आत जाऊन मोजलं तर आकडा काठापेक्षा कमी यायला हवा, कारण मीटर-दीड मीटर पाणी जमिनीतून येणारे बहुतेक गॅमा किरण अडवतं. उरतो तो मुख्यतः आकाशातला आणि हवेतला वाटा. इटलीच्या डोमेनिको पाचिनी यांनी १९११ च्या सुमारास समुद्राच्या आणि ब्राचानो तलावाच्या पाण्याखाली उपकरण नेऊन असंच मोजलं. पाण्याखाली आकडा घटला, म्हणजे काही किरण तरी जमिनीतून न येता वरून येतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढच्याच वर्षी, ७ ऑगस्ट १९१२ ला, व्हिक्टर हेस फुग्यातून पाच हजार मीटरच्या वर गेले आणि तिथे आकडा जमिनीपेक्षा कितीतरी वाढलेला त्यांना दिसला. त्या कॉस्मिक किरणांच्या शोधासाठी हेस यांना १९३६ चं नोबेल मिळालं. कोहळी समाजाने बांधलेल्या आपल्या जुन्या तलावांवर तोच प्रयोग करता येतो, ही केवढी संधी आहे! मात्र होडीत लाइफ जॅकेट आणि सोबत मोठी माणसं हवीतच. तेवढी सोय होत नसेल तर हे ठिकाण सोडून द्या.

५. पाऊस. हे मला सगळ्यात आवडतं. रोवणीच्या दिवसांत जोराचा पाऊस सुरू झाला की हवेतल्या रेडॉनपासून बनलेले शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ पावसाच्या थेंबांबरोबर जमिनीवर येतात. काउंटरचा आकडा काही काळ वाढतो. या दोघांची अर्धायुष्यं अनुक्रमे २७ आणि २० मिनिटं, त्यामुळे पाऊस थांबला की दोन-तीन तासांत आकडा पुन्हा जागेवर येतो. दर दहा मिनिटांनी नोंद करून मुलांनी आलेख काढला तर अर्धायुष्य ही पुस्तकातली कल्पना वहीच्या पानावर उतरते.

काउंटर काय सांगत नाही, तेही शिकवा

उपकरणाची मर्यादा सांगितल्याशिवाय मोजमापाचा धडा पूर्ण होत नाही.

काउंटर मोबाईल टॉवरखाली नेला तर आकडा बदलत नाही. यावरून मुलांना दोन गोष्टी सांगाव्यात. एक, टॉवरच्या लहरी अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याइतक्या ऊर्जेच्या नसतात. त्या वेगळ्या जातीच्या आहेत. दोन, म्हणूनच हा काउंटर त्या लहरी मोजूच शकत नाही. "काउंटर वाजला नाही म्हणजे टॉवर निर्दोष" हाही निष्कर्ष चुकीचा. त्यासाठी वेगळं उपकरण लागतं. दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' या संकेतस्थळावर आपल्या भागातल्या टॉवरची माहिती बघता येते.

तसंच पाण्याचं. आपल्याकडे विहिरी आणि बोअरवेल जुन्या खडकांतून पाणी उपसतात. पिण्याच्या पाण्यात युरेनियमची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम अशी भारतीय मानकांत २०२१ मध्ये आली. एवढ्या सूक्ष्म प्रमाणात मुख्य काळजी असते ती किडनीवर होणाऱ्या रासायनिक परिणामाची. ग्लासात काउंटर धरून हे कळणार नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. पण ज्या मुलाला 'मर्यादा', 'एकक' आणि 'अनिश्चितता' हे शब्द कळतात, ते मूल उद्या गावच्या पाण्याचा अहवाल हातात आला तर तो वाचू शकेल. ग्रामसभेत उभं राहून "नमुना कधी घेतला? किती वेळा घेतला?" असं विचारू शकेल. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं खरं मोल तिथे आहे.

तिरोड्याच्या ३३०० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेबद्दलही असेच प्रश्न येतात. कोळशात थोडं युरेनियम-थोरियम असतं, कोळसा जळून गेला की ते राखेत एकवटतं, हे खरं. पण राखेतलं त्यांचं प्रमाण सहसा ग्रॅनाइटसारख्या नेहमीच्या खडकांच्या टप्प्यातच असतं. राखेबाबत श्वासात जाणारी बारीक धूळ आणि पाण्यात उतरणारे जड धातू हे प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत. मोजायला शिकलेलं मूल चुकीच्या गोष्टीवर रागावण्यात शक्ती घालवत नाही. योग्य प्रश्नावर बोट ठेवतं.

आकडा गावात गेला तर?

इथे आपल्याला फार जपून राहावं लागेल. वर्गातल्या एका मुलाने पोत्याजवळच्या आकड्याचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं "आपल्या गावात रेडिएशन तिप्पट" – की संध्याकाळपर्यंत तो तालुकाभर पोहोचलाच म्हणून समजा. मग शाळेला दोष. म्हणून हा प्रयोग करण्याआधी वर्गात काही नियम ठरवून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या :

– जागा, उंची, वेळ, हवामान आणि किती मिनिटं मोजलं हे लिहिल्याशिवाय आकडा लिहायचा नाही.
– एकदाच मोजलेला आकडा हा निष्कर्ष नाही. किमान तीन वेळा मोजायचं.
– तुलना एकाच काउंटरवर घेतलेल्या आकड्यांचीच. दोन वेगळ्या काउंटरचे आकडे शेजारी ठेवायचे नाहीत.
– स्वस्त काउंटरवर दिसणाऱ्या मायक्रोसिव्हर्टवर फार विसंबायचं नाही. तो आकडा ठराविक स्रोत गृहीत धरून काढलेला अंदाज असतो. आपण मिनिटाला किती टकटक हेच लिहायचं.
– आकडा बाहेर जाणार असेल तर त्याच्या शेजारी वर्गाचा आकडा आणि अनिश्चितता दोन्ही हवेत.

आकडा वेगळा वाटला तर आधी पुन्हा मोजायचं. तरीही वेगळा आला तर मुख्याध्यापकांमार्फत महाविद्यालयातल्या जाणकारांना दाखवायचा. देशभर भाभा अणुसंशोधन केंद्राने पर्यावरणीय किरणोत्सर्गावर सतत लक्ष ठेवणाऱ्या केंद्रांचं जाळं उभारलेलं आहे. अधिकृत मोजमाप हे त्यांचं काम, आपलं नाही. आपलं काम मुलांना विचार करायला शिकवणं.

दोन-तीन आक्षेप

"अभ्यासक्रम संपत नाही, यात कुठे वेळ घालवायचा?" तांदळाच्या दाण्यांचा खेळ एका तासाचा आहे. त्यात संख्याशास्त्र येतं, वर्गमूळ येतं आणि किरणोत्सर्गाचा स्वभाव कळतो. एका तासात तीन धडे होत असतील तर वेळ वाचलाच म्हणायचा.

"पालक घाबरतील." हो, काही घाबरतील. म्हणून त्यांनाही एक दिवस बोलवा आणि मुलांनाच त्यांच्यासमोर सांगू द्या. आई-बाबा शिक्षकाचं ऐकतील न ऐकतील, लेकीने स्वतः काढलेला आलेख नक्की बघतात.

"असल्या विषयाने मुलं बेफिकीर होतील." हा आक्षेप मला खरा वाटतो, म्हणून त्याचं उत्तरही देतो. छातीचा साधा एक्स-रे म्हणजे निसर्गाकडून काही दिवसांत मिळतो तेवढा डोस. पोटाचा किंवा छातीचा सीटी स्कॅन म्हणजे साधारण दोन-चार वर्षांचा. हे कळलं की दोन गोष्टी होतात. डॉक्टरांनी गरज म्हणून सांगितलेला एक्स-रे पालक भीतीपोटी टाळत नाहीत आणि साध्या डोकेदुखीला "एकदा सीटी करूनच टाकू" असा हट्टही धरत नाहीत. मोजायला शिकलेला माणूस विनाकारण भीतही नाही आणि बेफिकीरही राहत नाही.

पालकांसाठी घरचा अभ्यास

मुलाला विचारा : आपलं घर कशाचं बांधलंय – माती, वीट, सिमेंट, दगड? रात्री झोपायच्या खोलीत हवा खेळती असते का? जमिनीला भेगा आहेत का? आपल्या शेतातला दगड कोणत्या रंगाचा आहे? या प्रश्नांना काउंटर लागत नाही, आणि उत्तरं शोधताना मूल आपल्याच घराकडे, आपल्याच बांधीकडे नव्याने बघायला लागतं.

शिक्षक मित्रांनो, येत्या पावसाळ्यात निदान तांदळाचा प्रयोग तरी करून पाहा. शंभर चौकोनांपैकी किती रिकामे राहिले आणि सगळ्यात जास्त दाणे एका चौकोनात किती पडले, हे शाळेचं नाव, इयत्ता आणि तारखेसह लिहून ठेवा. वेगवेगळ्या तालुक्यांतल्या शाळांचे आकडे एकत्र ठेवले तर त्याचाही एक सुंदर आलेख होईल, आणि कधीतरी काउंटर हाती आला की आपली मुलं त्याची टकटक ऐकायला तयार असतील.